सोळाव्या वर्षाचा करारनामा

अटलांटा शहराच्या मध्यभागापासून थोडे उत्तरेस, जेथे आज काचेच्या भिंतींची दुकाने, चित्रपटगृह आणि सायंकाळी दिव्यांनी उजळणारे चौक आहेत, तेथे विसाव्या शतकाचा बहुतेक काळ पोलादाचा एक कारखाना धूर ओकत उभा होता. १९०१ साली तो स्थापन झाला तेव्हा त्याचे नाव ‘अटलांटा हूप कंपनी’ असे होते. पिंपे आवळण्याच्या लोखंडी कड्या आणि कापसाच्या गाठी बांधण्याच्या पट्ट्या हा तिचा माल. पुढे कारखाना बंद पडला, दूषित झालेल्या मातीची विल्हेवाट लागली, आणि त्या जागेवर ‘अटलांटिक स्टेशन’ नावाची नवी वसाहत उठली. कड्या घडविणाऱ्या त्या भूमीवर २०२१ साली पुन्हा लोखंडी कड्याच टांगल्या गेल्या, या वेळी जमिनीपासून दहा फूट उंचीवर, आणि त्यांच्याखाली पगार घेऊन खेळायला जी मुले आली त्यांचे वय सोळा ते एकोणीस होते. एखाद्या कादंबरीकाराने हा योगायोग रचला असता तर समीक्षकांनी त्याला धारेवर धरले असते.

२०२५ साली ऑक्टोबर महिन्यात अल्फारेटा या अटलांटाच्या उपनगरात राहणाऱ्या माझ्या भाचीकडे मी मुक्कामाला होतो. एका रविवारी खरेदीच्या निमित्ताने तिने गाडी त्या भागातून घेतली, आणि एका प्रशस्त इमारतीकडे हनुवटीनेच खूण करून ती म्हणाली, “मामा, ही ती पगारी पोरांची शाळा.” मागच्या आसनावर बसलेल्या तिच्या पंधरा वर्षांच्या मुलाने, ज्याची मान त्या क्षणापर्यंत मोबाइलवरून वर झालेली नव्हती, तिला तत्काळ दुरुस्त केले : शाळा नाही, लीग आहे. त्या दोघांपैकी बरोबर कोण, याचा उलगडा मला माझ्या मुक्कामात झाला नाही. आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे अमेरिकेतील न्यायालयांनाही तो धडपणे झालेला नाही.

या लीगचे नाव ‘ओव्हरटाइम एलिट’. तिची मूळ कंपनी ‘ओव्हरटाइम’ ही २०१६ साली डॅन पोर्टर व झॅक वायनर या दोघांनी काढली, आणि तिचा धंदा बास्केटबॉलचा नव्हता, बास्केटबॉलच्या तुकड्यांचा होता. गावोगावच्या शाळांच्या व्यायामशाळांत जे सामने होत त्यांतील नजर खिळवणारा एखादा क्षण मोबाइलवर टिपायचा आणि तो लक्षावधी तरुणांच्या हातांतील पडद्यावर पोहोचवायचा, एवढाच उद्योग. भाचीच्या मुलाने त्या रात्री जेवणाच्या टेबलावर असा एक तुकडा मला दाखविला. एक लांबट हातापायांचा मुलगा चेंडू हाती घेऊन दोन ढांगांत कडीपर्यंत पोहोचतो, हवेत आवश्यकतेपेक्षा किंचित अधिक काळ रेंगाळतो, चेंडू वरून आत दडपतो, आणि बाकांवरील पोरे डोक्याला हात लावून इकडेतिकडे धावत सुटतात. मी सेकंद मोजले, अकरा भरले. सामना कोणी जिंकला, असे मी विचारले. ते त्याला ठाऊक नव्हते. मग त्या मुलाला चेंडू दिला कोणी, असे विचारले. “ते यात नसतं, आजोबा,” तो म्हणाला, आणि अंगठ्याने पुढचा तुकडा वर सरकवला.

अशा तुकड्यांवर कोट्यवधींचा प्रेक्षकवर्ग मिळविल्यावर कंपनीच्या चालकांना जे सुचले ते सावकारी शहाणपणाचेच होते : दुसऱ्याच्या शेतातील कणसे किती दिवस वेचायची, शेतच आपले का नसावे? २०२१ च्या वसंतात त्यांनी आठ कोटी डॉलरांचे भांडवल उभारले. भांडवलदारांत अ‍ॅमेझॉनचे जेफ बेझोस होते, गायक ड्रेक होता, आणि केव्हिन ड्युरँट, कार्मेलो अँथनी यांच्यासारखे नामांकित खेळाडूही होते. त्याच वर्षी एक लाख चौरस फुटांहून अधिक क्षेत्रफळाची ती इमारत सज्ज झाली, आणि पंचवीसेक मुलांशी करारनामे झाले.

त्या करारनाम्यातील कलमे नीट वाचण्यासारखी आहेत. प्रत्येक मुलास वर्षाला किमान एक लाख डॉलर तनखा, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे पाऊण कोटी रुपये. त्याखेरीज मूळ कंपनीच्या भागभांडवलात अल्पसा हिस्सा. आजारपणाचा व अपंगत्वाचा विमा. त्याच इमारतीत भरणारी शाळा, जिच्यात मोजक्या मुलांमागे एक शिक्षक आणि विषयांत पैशाचा हिशेब ठेवण्याचाही समावेश. आणि सर्वांत शेवटी, मुलगा पुढे व्यावसायिक खेळाडू होऊ शकला नाही तर त्याच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी आणखी एक लाख डॉलरांची तजवीज. हे शेवटचे कलम ज्याने कोणी घातले त्याला आपल्या योजनेतील धोका पुरता ठाऊक होता, असे म्हणावे लागेल; कारण हा तनखा स्वीकारल्याक्षणी त्या मुलाने महाविद्यालयाच्या संघातून खेळण्याचा हक्क गमावलेला असे. फी भरून तो महाविद्यालयात जाऊन बसू शकत होता, पण तेथील कोर्टावर उतरू शकत नव्हता.

मला स्वतःला या करारात, वयाच्या आकड्याखेरीज, आक्षेपार्ह असे फारसे काही दिसले नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने आपल्या अंगच्या गुणांवर द्रव्य मिळवावे यात कानांवर हात ठेवण्यासारखे काही असेल, तर आपल्या नाटक मंडळ्यांचा इतिहास आपणांस नव्याने लिहून काढावा लागेल. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत रुजू झाले तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचे होते, आणि मास्टर दीनानाथ तर त्याहूनही लहान वयात रंगभूमीवर आले. तेव्हाही घरोघरची वडील माणसे हळहळलीच असतील. पण त्या काळी नटाला महाविद्यालयात बिनपगारी अभिनय केल्यावाचून रंगभूमीवर पाऊल ठेवू न देण्याचे फर्मान कोणी काढलेले नव्हते. अमेरिकेत बास्केटबॉलपटूंच्या बाबतीत ते काढले गेले होते, आणि ते का, हे समजल्याशिवाय अटलांटातील त्या इमारतीचा अर्थ लागत नाही.

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळ हे एक अजब संस्थान आहे. त्याचा कारभार पाहणारी संस्था एनसीएए, स्थापना १९०६ ची. तिच्या पुरुष बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा जो करार २०१६ साली वाढविण्यात आला, त्यात आठ वर्षांच्या वाढीव मुदतीपोटी ८८० कोटी डॉलर ठरले. कित्येक राज्यांत सरकारी पगारपत्रकातील सर्वांत मोठी रक्कम राज्यपालाच्या नावावर नसून विद्यापीठाच्या एखाद्या प्रशिक्षकाच्या नावावर असते. या सगळ्या वैभवाच्या मध्यभागी जो उभा, त्या खेळणाऱ्या मुलाला मात्र शिक्षण, निवास व भोजन यांपलीकडे काही घेण्यास सक्त मनाई होती. कारण तो नोकर नव्हे, ‘विद्यार्थी-खेळाडू’ होता. हा जोडशब्द एखाद्या शिक्षणतज्ज्ञाच्या ध्येयवादातून जन्मला असेल अशी माझी समजूत होती. तो जन्मला वकिली खर्ड्यातून. १९५५ साली कोलोरॅडोतील एका लहान महाविद्यालयाकडून फुटबॉल खेळताना रे डेनिसन हा खेळाडू डोक्याला मार लागून मृत्यू पावला, आणि त्याच्या विधवेने कामगारांना मिळणारी नुकसानभरपाई मागितली. ती मान्य झाली असती तर देशातील प्रत्येक महाविद्यालय आपल्या खेळाडूंचे मालक ठरले असते. एनसीएएचे तत्कालीन प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी याच सुमारास तो जोडशब्द रूढ केला व सर्व कागदोपत्री तो वापरण्याचा आग्रह धरला. आणि १९५७ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने, महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, अशा आशयाचा फैसला देऊन त्या स्त्रीला रिक्त हस्ते परत पाठविले. बायर्स यांनी निवृत्तीनंतर, १९९५ साली, एक पुस्तक लिहून या व्यवस्थेवर जी टीका केली, ती त्यांच्या कोणत्याही विरोधकाने केलेल्या टीकेहून मवाळ नव्हती. खुर्चीवरून उतरल्यावर सत्य दिसू लागणे हा रोग केवळ आपल्याच प्रशासनात आहे असे नाही.

व्यावसायिक लीगला, म्हणजे एनबीएला, ही व्यवस्था सोयीचीच होती. खेळाडू घडविण्याचा खर्च परभारे होत होता. म्हणून तिनेही नियम केला होता की शालान्त शिक्षणानंतर चार वर्षे लोटल्याखेरीज कोणासही संघात घ्यावयाचे नाही. या नियमाला धक्का देणारा माणूस मिसिसिपीतील सिल्व्हर सिटी नावाच्या खेड्यातला. स्पेन्सर हेवुड, जन्म १९४९, दहा भावंडांतील एक. घर कापूस वेचून पोट भरणाऱ्यांचे, आणि तोही लहानपणी त्याच शेतांत वेचणीला जाई. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने अमेरिकेला सुवर्णपदक मिळवून दिले. पुढे महाविद्यालय अर्ध्यावर सोडून तो एनबीएच्या प्रतिस्पर्धी लीगमध्ये डेन्व्हरकडे गेला आणि पहिल्याच वर्षी सामन्यामागे सरासरी तीस गुण नोंदवून तेथील सर्वोत्तम खेळाडू ठरला. नंतर सिअ‍ॅटल संघाचे मालक सॅम शुलमन यांनी त्याच्याशी करार केला, एनबीएने हरकत घेतली, आणि मामला न्यायालयात गेला.

त्या हंगामातील हेवुडच्या हकिकती त्याने पुढे अनेकदा सांगितल्या आहेत. मनाई हुकूम एका न्यायालयात मिळे, दुसऱ्यात उठे. आज खेळण्याची मुभा, उद्या बंदी. परगावच्या मैदानावर तो उतरला की ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले जाई की कोर्टावर एक बेकायदेशीर खेळाडू उभा आहे, आणि ते ऐकून प्रेक्षक त्याच्या दिशेने बाटल्या भिरकावीत. एकदा तर त्याला सामन्याआधीच इमारतीबाहेर काढण्यात आले व तो सरावाच्या कपड्यांनिशी बर्फात उभा राहिला. एकवीस वर्षांचा, पावणेसात फूट उंचीचा, ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविलेला तरुण, ज्याचा अपराध एवढाच की त्याने आपल्या कामाचा दाम ठरल्या मुदतीआधी घेतला. १ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्याच्या बाजूचा हुकूम पुन्हा कायम केला, लीगने तडजोड केली, आणि ते कुंपण पडले. आज कोट्यवधी डॉलर मिळविणाऱ्या खेळाडूंपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असेल, हा प्रश्न मी भाचीच्या मुलाला विचारला नाही. त्याला ठाऊक नव्हतेच. मलाही ते त्या मुक्कामातच कळले होते.

यानंतरचा इतिहास झपाट्याने सांगता येतो. दार उघडले, पण शाळेतून थेट एनबीएत जाणारे बरीच वर्षे बोटांवर मोजण्याइतकेच राहिले. १९९५ साली केव्हिन गार्नेट गेला, पुढच्या वर्षी कोबी ब्रायंट, २००३ साली लेब्रॉन जेम्स, आणि वाट रुळली. या वाटेवर हरवलेलेही होते. कॉर्लिओन यंग १९९८ साली शाळेतून निवडला गेला आणि एनबीएत अवघे तीन सामने खेळला; लेनी कुक, ज्याला एके काळी जाणकार लेब्रॉनच्या वर मानीत, त्याची २००२ साली कोणी निवडच केली नाही. अशांची नावे पुढे करून, आणि पोरवयाच्या खेळाडूंवर कोट्यवधी लावताना होणारी आपली चूक टाळण्यासाठी, एनबीएने २००५ च्या करारात पुन्हा कुंपण घातले : किमान वय एकोणीस, आणि शाळा सुटून एक वर्ष पुरे. त्या एका वर्षाचे करायचे काय? बहुतेकांनी ते महाविद्यालयात घालविले. पहिल्या सहामाहीस वर्गात, दुसरीस मैदानावर, आणि मार्चमधील स्पर्धा संपताच विद्यापीठाला रामराम. ब्रँडन जेनिंग्ज २००८ साली ते वर्ष रोमच्या संघाकडे पगारावर काढून आला, आणि एनबीएतील पहिल्याच महिन्यात एका सामन्यात पंचावन्न गुण नोंदवून त्याने टीकाकारांची तोंडे बंद केली. युरोपात हा पेचच नव्हता; लुका डॉन्चिच तेराव्या वर्षी रेआल माद्रिदकडे गेला व सोळाव्या वर्षी मोठ्यांच्या संघातून खेळला, त्याला महाविद्यालय का सोडलेस असे कोणी विचारले नाही.

मध्येच एक प्रहसनही झाले. लाव्हार बॉल नावाच्या एका उत्साही पित्याने २०१८ साली शाळा सुटलेल्या मुलांची पगारी लीग स्वतःच काढली. आठ शहरांचे आठ संघ, आणि आठांचेही नाव एकच, ‘बॉलर्स’. विजेतेपद अर्थातच बॉलर्सनी पटकावले, त्यात बॉल यांचा धाकटा मुलगा लामेलो होता, आणि एका हंगामात लीगचा अवतार समाप्त झाला. लामेलो मात्र ऑस्ट्रेलियात एक वर्ष खेळून २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या वार्षिक सोहळ्यात, तिसरा निवडला गेला; बापाच्या लीगने नव्हे, पण बापाच्या आडमुठेपणाने त्याचे भले केले असेल.

खरा धक्का बसला तो सप्टेंबर २०१७ मध्ये, जेव्हा केंद्रीय गुप्तचरांनी काही महाविद्यालयांचे सहायक प्रशिक्षक आणि बुटांच्या कंपनीतील माणसे यांना अटक केली. ज्या मुलांना पैसा निषिद्ध होता त्यांच्या घरी तो टेबलाखालून पोहोचत होता, हे सर्वांना ठाऊक असलेले गुपित आता आरोपपत्रात आले. पुढच्या वर्षी एनबीएने आपल्या दुय्यम लीगमध्ये अठरा वर्षांच्या मुलांसाठी सव्वा लाख डॉलरांचा करार जाहीर केला, आणि २०२० साली खास त्यांच्यासाठी ‘इग्नाइट’ नावाचा संघ काढला. जेलन ग्रीन हा त्याचा पहिला मोठा मोहरा. सुमारे पाच लाख डॉलर घेऊन आला, एक हंगाम खेळला, आणि २०२१ च्या ड्राफ्टमध्ये दुसरा निवडला गेला. स्कूट हेंडरसन तर सतराव्या वर्षीच शाळा लवकर आटोपून दाखल झाला.

याच इग्नाइटच्या पहिल्या संघात एक भारतीय मुलगा होता. पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यातला प्रिन्सपाल सिंग, सहा फूट दहा इंच, लुधियानाच्या अकादमीत घडलेला व पुढे दिल्लीजवळच्या एनबीए अकादमीत आलेला. त्याला मैदानावर फारसा वेळ मिळाला नाही. परंतु भारतातील एक विशीच्या आतला मुलगा केवळ बास्केटबॉल खेळण्याचे वेतन घेतो, ही गोष्ट आपल्याकडील कोणत्याही बापाला पटवून देणे कठीण गेले असते. महाराष्ट्रात खेळाचे मोल ठरलेले आहे : दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेत वाढीव गुण, राज्य शासनाच्या नोकरीत पाच टक्के आरक्षण, आणि फार नशीब असेल तर रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातील जागा. आमच्या शाळेत एक मुलगा जिल्ह्याच्या संघाकडून खेळे. सामन्यांमुळे सहामाही बुडाली तेव्हा वर्गशिक्षकांनी त्याला बाकावर उभे केले आणि वार्षिक समारंभात त्याच सामन्यांत मिळालेल्या करंडकासह छायाचित्र काढून घेतले. त्या शाळेचे नाव सांगण्यात हशील नाही. प्रत्येक वाचकाला ती आपलीच वाटेल.

अटलांटाकडे परत येतो, कारण तेथील पहिल्या दोन हंगामांत जे घडले त्याहून बोलके काही मला या विषयात आढळले नाही. त्या एकाच इमारतीत दोन जुळ्यांच्या जोड्या राहत, शिकत व खेळत होत्या, आणि दोन्ही जोड्या फ्लोरिडातून आलेल्या. एक अ‍ॅमेन आणि ऑसर थॉम्पसन. दुसरी मॅट आणि रायन ब्यूली. ब्यूली बंधू तर या लीगशी करार करणारे अगदी पहिले. मे २०२१ मध्ये त्यांच्या सह्या झाल्या तेव्हा कोर्टाच्या फळ्याही बसलेल्या नव्हत्या. चौघांनाही तनखा मिळत होता, तेच मास्तर होते, तेच कॅमेरे त्यांच्यामागे होते. जून २०२३ च्या ड्राफ्टमध्ये अ‍ॅमेन थॉम्पसन चौथ्या क्रमांकावर ह्यूस्टनकडे गेला आणि लगेच पाचव्यावर ऑसर डेट्रॉइटकडे. जुळ्या भावांचे असे भाग्य एनबीएने पूर्वी पाहिलेले नव्हते. ओव्हरटाइमची योजना शंभर टक्के यशस्वी झाली असे सांगणारी छायाचित्रे त्या रात्री जगभर गेली.

ब्यूली बंधूंना त्या रात्री मंचावर कोणी बोलाविले नाही. त्याच वर्षी त्यांनी शिकागो स्टेट या विद्यापीठात प्रवेश घेतला. प्रवेश रीतसर मिळाला, पण एनसीएएने त्यांना खेळण्यास अपात्र ठरविले. कारण पूर्वी त्यांनी प्रत्यक्ष व आवश्यक खर्चाहून अधिक द्रव्य घेतले होते. भाऊ न्यायालयात गेले. त्यांची कैफियत थोडक्यात अशी की आता प्रत्येक महाविद्यालयीन खेळाडू आपले नाव व चेहरा विकून पैसे मिळवितो, आम्ही अटलांटात जे घेतले तेही त्याच सदरातले आहे. मग त्यांना मुभा आणि आम्हांला बंदी, हे कोणत्या न्यायाने? जानेवारी २०२४ मध्ये शिकागोच्या केंद्रीय न्यायालयाने त्यांना तात्पुरती दाद देण्याचे नाकारले. पैसा तोच, वयही जवळपास तेच. तो वहीच्या कोणत्या पानावर मांडला गेला एवढ्यावरून एक पात्र आणि दुसरा अपात्र. खतावणीतील रकान्याचे हे माहात्म्य आपल्या महसूल खात्यातील एखाद्या जुन्या अव्वल कारकुनाला मी सांगितले असते तर तो क्षणभरही चकित झाला नसता.

तारखा मात्र खरोखर क्रूर आहेत. ओव्हरटाइमने लीग जाहीर केली ती मार्च २०२१ मध्ये, आणि तिचा सारा युक्तिवाद हा की महाविद्यालये मुलांना पैसा देत नाहीत, आम्ही देतो. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, या वेळी नऊ विरुद्ध शून्य मतांनी, एनसीएएच्या बंधनांवर आघात केला. १ जुलैपासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपले नाव, प्रतिमा विकण्याची मोकळीक मिळाली. आणि लीगचा पहिला सामना झाला तो त्यानंतर, ऑक्टोबरात. म्हणजे पहिला चेंडू उडण्याआधीच पायाखालची जमीन सरकलेली होती. महाविद्यालयांच्या मागे पिढ्यान्‌पिढ्यांचे माजी विद्यार्थी, भरलेली क्रीडागृहे, दूरचित्रवाणीचे करार. त्यांच्यापुढे पाच वर्षांच्या कंपनीचा लाख डॉलरांचा तनखा तो काय टिकणार? २०२२ पासून ओव्हरटाइमला एक विलक्षण तरतूद करावी लागली : ज्याला वाटेल त्याने तनखा न घेता, केवळ शिष्यवृत्तीवर, येथे खेळावे आणि महाविद्यालयाचा हक्क शाबूत ठेवावा. रॉब डिलिंगहॅम असाच येथून केंटकी विद्यापीठात गेला व २०२४ साली आठव्या क्रमांकावर निवडला गेला. पगार देण्यासाठी जन्मलेल्या लीगमध्ये उत्तम खेळाडू पगार नाकारून खेळू लागले, आणि महाविद्यालयाला पर्याय म्हणून उघडलेले दार महाविद्यालयाच्या देवडीत उघडू लागले.

इग्नाइटचे तेवढेही निभावले नाही. २०२३-२४ च्या हंगामात या संघाने दोन सामने जिंकले आणि बत्तीस गमावले. मार्च २०२४ मध्ये एनबीएने तो बरखास्त केल्याचे जाहीर केले. हरला म्हणून नव्हे. त्यातील रॉन हॉलंड त्याच वर्षी पाचवा निवडला गेला, तेव्हा मुले कच्ची होती असे म्हणता येत नाही. गिऱ्हाईकच उरले नव्हते. त्यानंतर ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एनसीएएविरुद्धच्या खटल्यातील जी तडजोड मंजूर केली तिच्यानुसार प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना पहिल्या वर्षी दोन कोटी पाच लाख डॉलरांपर्यंत रक्कम थेट वाटण्याची मुभा मिळाली. रे डेनिसनची विधवा ज्या दारातून रिकाम्या हाताने परतली होती, ते अडुसष्ट वर्षांनी उघडले. तेही दारातील माणसाला नोकर न म्हणता.

आणि मग जे झाले ते पाहून मला हसू आवरेना. थिएरी डार्लां हा मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातील तरुण सेनेगलमधील एनबीए अकादमीतून इग्नाइटकडे आला होता, पगारी खेळाडू झाला होता. संघ बुडाल्यावर एक वर्ष आणखी त्याच दुय्यम लीगमध्ये त्याने काढले. २०२५ साली त्याने कॅलिफोर्नियातील सांता क्लारा विद्यापीठात नाव घातले, आणि ज्या एनसीएएने ब्यूली बंधूंना हाकलले होते तिनेच त्याला खेळण्याची परवानगी दिली. मी अल्फारेटात असतानाच दुसरी बातमी आली : लंडन जॉन्सन, इग्नाइटचाच जुना खेळाडू, आता लुइव्हिल विद्यापीठाकडे. हा मुलगा नॉरक्रॉसच्या शाळेतला, म्हणजे भाचीच्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आतला. म्हणून घरात त्यावर बरीच चर्चा झाली. भाची म्हणाली की शेवटी शिक्षणाचे महत्त्व पटले म्हणायचे. तिच्या मुलाने मान वर न करता सांगितले की तसे काही नाही, आई, कॉलेज जास्त देतं.

ओव्हरटाइम एलिट अद्याप चालू आहे, तिचे तुकडे अद्याप फिरतात. ती अपयशी ठरली असे मी म्हणणार नाही. प्रेक्षक मिळविण्याचा तिचा मूळ धंदा तर तेजीतच आहे. मुलांच्या मोबदल्याविषयी माझी तक्रार नाही, आणि वयाविषयीची माझी कुरकूर हेवुडची हकिकत वाचल्यापासून बरीच सौम्य झाली आहे. खटकते ते एवढेच की ज्या अकरा सेकंदांवर हा डोलारा उभा आहे त्यांत चेंडू पुरविणारा मुलगा कधीच दिसत नाही. आणि पंचवीसेक मुलांच्या त्या पहिल्या तुकडीत बहुसंख्य तर तेच होते.

निघण्याच्या आदल्या रात्री भाचीचा मुलगा माझ्या खोलीत आला. बॅग भरायला मदत करायला पाठविले होते, पण बसला पलंगावर. तुमच्याकडे खेळणाऱ्या मुलांना काय मिळतं, असे त्याने विचारले. मी त्याला दहावीच्या वाढीव गुणांचे सांगितले. जास्तीत जास्त पंचवीस.

“पंचवीस काय?”

“मार्क.”

तो थोडा वेळ विचारात पडला. “आणि ते विकता येतात का?”

नाही म्हणालो. आमच्या वर्गातील तो बाकावर उभा राहिलेला मुलगा पुढे रेल्वेच्या संघात लागला आणि साठ वर्षांचा होऊन तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाला, हे सांगायचे मनात होते; पण खालून त्याच्या आईने भूमितीच्या गृहपाठाची आठवण केली, आणि तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरून गेला.